बेचाळिसाव्या वर्षी सायकल शर्यतीत उतरावे का?

खानापूरच्या एका गृहस्थांनी मला लेखी विचारणा केली आहे. त्यांचे वय ४२, नोकरी बँकेत. दोन वर्षांपासून ते दर रविवारी मित्रांबरोबर जांबोटीपर्यंत सायकल नेतात, गेल्या दिवाळीत त्यांनी रोड सायकल घेतली आणि आता त्यांना एखाद्या हौशी शर्यतीत नाव द्यायचे आहे. पत्नीचा याला विरोध आहे. वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे कळवले आहे. धोका किती आणि त्या बदल्यात पदरात काय पडते, ते आडपडदा न ठेवता सांगावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

बेळगाव आणि आसपासच्या रस्त्यांवर मी वीसहून अधिक वर्षे शर्यती केल्या, आता मुलांना शिकवतो. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचे उत्तर तिच्यावरच उभे आहे. रस्त्यावरच्या शर्यतीतील धोक्याचा मोठा वाटा आणि आनंदाचाही मोठा वाटा एकाच जागी असतो, ती म्हणजे पुढच्या सायकलचे मागचे चाक आणि आपले पुढचे चाक यांच्यामधली हातभर जागा. रविवारच्या फेरीत ही जागा पाच-सात मीटर असते, म्हणून तिथे दोन वर्षे सुखरूप गेली यावरून शर्यतीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जाताना स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला भेदण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० वरून ३६ वर जायचे तर वेग वीस टक्केच वाढतो, पण हवेपायी लागणारी शक्ती जवळजवळ पाऊणपट अधिक मोजावी लागते. पुढच्याच्या पाठीमागे चाकाला चाक लावून जाणाऱ्याची मात्र पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात बसलेल्याची त्याहूनही कितीतरी अधिक. म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांना चिकटून धावतात. जो चिकटत नाही तो कितीही दणकट असला तरी दहा किलोमीटरांत मागे पडतो.

आता त्याच अंतराचा दुसरा हिशेब मांडू. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढे काही घडलेले दिसणे, ते समजणे आणि बोटे ब्रेकवर आवळणे यात चपळ माणसाचाही पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात सायकल पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. हातभर अंतरावरून ब्रेक मारून कोणी वाचत नाही. पुढचा अचानक काही करणार नाही, या भरवशावरच तिथे वाचायचे असते. चाके एकमेकांना घासली की पुढचा सहसा पडत नाही, मागचा पडतो. सायकलचा तोल आपण हँडल सतत किंचित इकडे-तिकडे वळवून सांभाळत असतो. पुढचे चाक दुसऱ्याच्या चाकाला अडले की हँडल वळेनासे होते आणि तोल सावरण्याचे साधनच हातातून जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंधरा-एक वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही आठ जण नेसरगीच्या पुढे सरावाला गेलो होतो. माझ्या पुढे असलेल्या तरुणाला रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे दिसले आणि ते चुकवण्यासाठी तो जरा डावीकडे सरकला. माझे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला चार बोटे पुढे शिरलेले होते. रबरावर रबर घासल्याचा तो झर्रकन आवाज मी आजही कुठेही ओळखेन. आधी डावा खांदा टेकला, मग हेल्मेटची डावी बाजू. उठून बसलो तेव्हा सायकल शाबूत आहे हे पाहून मी चक्क हसत होतो. हात वर करायला गेलो तेव्हा मोडलेल्या कॉलरबोनचे टोक कातडीखाली तंबूच्या खांबासारखे उभे राहिले. सहा आठवडे हात झोळीत होता, शर्टाची बटणे पत्नी लावून देई आणि त्या वेळी एक अक्षर बोलत नसे. चूक सर्वस्वी माझी होती. पुढचा सरकला हा त्याचा दोष नव्हे. मी चाक जिथे घालू नये तिथे घातले होते. हेल्मेट बाहेरून धड दिसत होते, पण आतला फोम तडकलेला होता. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, ते काम करून संपलेले असते. व्यावसायिक सायकलपटूसुद्धा २००३ पर्यंत उघड्या डोक्याने शर्यती करीत. त्या वर्षी पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेटची सक्ती केली.

कॉलरबोन मोडणे ही या खेळातली सर्वांत नेहमीची अस्थिभंगाची तऱ्हा आहे, आणि खरे सांगायचे तर ती त्यातल्या त्यात स्वस्तात सुटण्याची तऱ्हा आहे. मांडी-ढोपराची साल निघते, ती पंधरा दिवसांत भरून येते. धनुर्वाताची लस मात्र वेळेवर घेतलेली असावी. भीती बाळगायची ती डोक्याच्या माराची. पडल्यावर जो आज वार कोणता ते चुकीचे सांगतो, तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारतो किंवा ज्याला मळमळते, त्याला त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये, मग तो कितीही हट्ट करो.

घोळक्यात धावणे ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती आपण ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, घरात बसून शिकू शकत नाही. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये. त्याच्या खांद्यावरून आणखी दोघे-तिघे पुढे काय चालले आहे ते पाहावे. वेग कमी करायचा झाल्यास आधी घोळक्यातून इंचभर बाहेर येऊन छातीवर वारा घ्यावा, ब्रेकला शेवटी हात घालावा. चढावर सीटवरून उठताना नवख्याची सायकल क्षणभर हातभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. म्हणून उठण्यापूर्वी गिअर एक दात जड करावा आणि पेडलवर दाब कायम ठेवून उठावे. खड्डा दिसला तर हाताने दाखवावा आणि ओरडावे. आमच्या घोळक्यात निम्मी मुले कानडी बोलणारी असतात, त्यामुळे खड्ड्याला सगळेच ‘तग्गु!’ म्हणतात. मराठी मुले आता घरी दुचाकीवर मागे बसल्या-बसल्याही तोच शब्द वापरतात, अशी त्यांच्या आयांची तक्रार आहे.

पण घोळक्यातली शिस्त घोळक्यापुरती. रस्ता बंद केलेला नसेल तर समोरून येणाऱ्याला ती ठाऊक नसते. आपल्या भागातली अडचण अशी आहे की सायकलीला सोयीचा कोरडा, थंड हंगाम नेमका ऊसतोडीचा हंगाम असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चिक्कोडी, अथणी, गोकाक, हुक्केरी या तालुक्यांतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून कारखान्यांकडे जात असतात. मागचा लाल रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाढ्याखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकलेला असतो, आणि चालकाने गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की आपले ओरडणे त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नाही. दुसरी ट्रॉली वळणावर पहिलीच्या आत येते, हे कायम लक्षात ठेवावे. वळणावर तिच्या आतल्या अंगाने कधीही पुढे जाऊ नये. सुगीच्या दिवसांत नाचणा, सोयाबीन मळणीसाठी डांबरावरच पसरलेले असते. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रानातला चिखल रस्त्यावर येतो आणि त्यावरून पातळ टायर साबणावरून सरकावा तसा सरकतो. न रंगवलेले गतिरोधक आणि कुत्री यांविषयी आपल्याला नव्याने सांगायला नको. कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. ‘पाळीव आहे, काही होत नाही’ या गावकऱ्यांच्या दिलाशावर विसंबू नये.

म्हणूनच गावोगावच्या यात्रांत कुस्त्या आणि बैलगाड्यांबरोबर ज्या सायकल शर्यती होतात, त्यांत आपण उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या शर्यतींचा मला तिरस्कार नाही. मी स्वतः तिथेच शिकलो, आणि त्यांच्याइतकी टाळ्यांची गर्दी नंतर मला कुठल्याही मोठ्या स्पर्धेत दिसली नाही. परंतु तिथे रस्ता उघडा असतो, समर्थकांच्या मोटारसायकली घोळक्याला खेटून धावतात, शेवटच्या दोनशे मीटरवर प्रेक्षक वाट अरुंद करीत आत येतात आणि रुग्णवाहिका असलीच तर ती दुसऱ्या टोकाला असते. विशीतल्या मुलाने ती जोखीम घेतली तर मी त्याला फार तर रागावेन. ज्याच्या घरी शाळेतली मुले आहेत, त्याने ती घेण्याचे कारण मला सापडत नाही. नाव देण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: पोलिसांची परवानगी घेतली आहे काय, चौकांवर माणसे उभी असतील काय, आणि सोबत डॉक्टर व रुग्णवाहिका आहे काय. उत्तर देताना कोणी चिडला तर तेच उत्तर समजावे.

घाटांचा विचार वेगळा. चोर्ला किंवा आंबोली घाट खालून वर चढण्याची शर्यत ही नवख्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण चढावर वेग ताशी दहा-पंधराचा असतो, घोळका पहिल्या तीन वळणांतच विस्कटतो आणि पुढे प्रत्येक जण आपापल्या फुप्फुसांशी झगडत असतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्या किताबाचा मान अंतिम विजेत्याहून कमी नसतो. धोका असतो तो उतरताना. ताशी ३० वेगाला कोरड्या रस्त्यावर सायकल चांगल्या ब्रेकने सात-आठ मीटरांत थांबते. ताशी ६० ला तेच अंतर चौपट होते, त्यात भानावर येण्याचा वेळ मिळवला तर चाळीस मीटर सहज लागतात, आणि चोर्ल्याच्या कित्येक वळणांवर चाळीस मीटर पुढचे दिसतच नाही. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे रस्त्याच्या कडेने शेवाळ धरते. रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर आवळणारा) आणि कार्बनची रिम असेल तर सतत ब्रेक धरून उतरल्याने रिम तापून ट्यूब फुटू शकते. ब्रेक थोडा वेळ जोरात, मग पूर्ण मोकळा, असा वापरावा. टीव्हीवर पाहून आमची मुले उतारावर पुढच्या दांडीवर बसून अंग चोरायला शिकली होती. ती बैठक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये बंद केली, तेव्हा कुठे माझे ओरडणे थांबले. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत अल्बुला खिंड उतरताना जिनो मेडर हा २६ वर्षांचा कसलेला सायकलपटू खाली कोसळून मरण पावला. तिथे रस्ता बंद होता, सोबत वैद्यकीय पथक होते. आपण उतार शर्यतीसाठी उतरू नये, घरी परतण्यासाठी उतरावे.

आता आपल्या वडिलांविषयी. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूचा व्यायामात अचानक मृत्यू होतो तेव्हा कारण बहुधा जन्मजात असते. पस्तिशीनंतर ते बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा हेच असते, आणि आपल्याकडच्या लोकांत हा विकार युरोपीय लोकांपेक्षा लवकर सुरू होतो. घरात इतिहास असताना केवळ ‘मला काही त्रास नाही’ हे पुरेसे नाही. हृदयरोगतज्ज्ञांना भेटून ‘मला शर्यतीत नाडी कमाल मर्यादेपर्यंत न्यायची आहे’ असे याच शब्दांत सांगावे. ईसीजी, रक्तातील चरबी व साखर आणि त्यांना आवश्यक वाटल्यास ताणचाचणी करून घ्यावी. अहवाल चांगला आला तरी छातीत आवळल्यासारखे होणे, नेहमीच्या चढावर न शोभणारी धाप, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे. ताप असताना किंवा तो उतरल्यावर आठवडाभर जोर लावू नये, कारण विषाणूची बाधा हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेली असू शकते. हा नियम मी मुलांनाही पाळायला लावतो आणि त्यावरून पालकांशी माझी भांडणेही झाली आहेत.

पैशाचे थोडक्यात. वैयक्तिक अपघात विम्याच्या कित्येक पॉलिसींत शर्यतीतली इजा वगळलेली असते. बारीक अक्षरातले कलम शर्यतीपूर्वी वाचावे. सरावात अज्ञात वाहनाने ठोकरून पळ काढला तर केंद्र सरकारच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून गंभीर इजेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये भरपाई आहे. पोलिसात नोंद केल्याशिवाय ती मिळत नाही. सायकल आहे तीच पुरे. मोजे-जर्सीवर, टायरवर आणि ब्रेकच्या शूजवर खर्च करावा, कार्बनच्या चाकांवर नको.

मग मिळते काय? आरोग्य असे उत्तर मी देणार नाही. विश्रांतीच्या वेळची नाडी खाली येणे, वजन आणि साखर आटोक्यात राहणे हे सगळे नियमित सायकल चालवण्याचे फळ आहे, त्यासाठी शर्यतीचा नंबर पाठीवर लावायची गरज नाही. उलट नुसती सायकलच चालवणाऱ्यांची हाडे भार न पडल्याने विरळ होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वजने उचलावीत, हे शर्यतीच्या नादात बहुतेक जण विसरतात. बक्षिसाची आशाही धरू नये. विजापूर, बागलकोट, जमखंडी हा पट्टा देशातल्या सायकलपटूंची खाण आहे, रामदुर्ग तालुक्यातल्या चंदरगीच्या क्रीडाशाळेतून मुले राष्ट्रीय स्पर्धांत जातात. खुल्या गटात ही मुले आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात मागे टाकतील. पस्तिशीवरील गट असेल तिथेच नाव द्यावे, आणि तिथेही पहिल्या दोन-तीन शर्यतींत घोळका हळूहळू दूर जाताना पाठीमागून पाहण्याची तयारी ठेवावी. पाच मीटरांचे अंतर वीस मीटर होते, मग वारा अंगावर येतो आणि कळते की आता एकट्याने जायचे आहे. तो क्षण कडू असतो, पण त्या क्षणापर्यंत आपण किती तग धरला ते दर वेळी किलोमीटरांत मोजता येते, आणि बँकेतल्या कुठल्याही मूल्यमापनापेक्षा तो आकडा सरळ असतो.

जे खरोखर पदरात पडते ते मी एका सकाळीवरून सांगतो. जुलै महिना होता. आम्ही सहा जण सांबऱ्यावरून यरगट्टीला गेलो, जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी होता, त्यामुळे सगळेच पैलवान होते. परतीला तोच वारा तोंडावर आला आणि एकट्याला ताशी २० सुद्धा जड झाले असते. त्या सहांपैकी दोघांना मराठी येत नव्हते, माझे कानडी बाजारापुरते. तरीही पाऊण मिनिट पुढे राहायचे, उजवे कोपर हलवायचे, डावीकडे सरकून मागे जायचे आणि शेवटच्याचे चाक पकडायचे, असे करीत आम्ही ते सगळे अंतर ताशी ३० च्या आसपास आलो. पुढे असताना कोणी वेग वाढवून मिरवला नाही, दमलेल्याने आपली पाळी चुकवली नाही, तर ती फक्त छोटी केली. सांबऱ्याच्या चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा मला जाणवले की दीड तासात मी एकदाही ब्रेकवर बोट ठेवले नव्हते. ज्या चाकामागे मी कधीकाळी खांदा मोडून घेतला, तसल्याच चाकांमागे हातभर अंतरावर मी निर्धास्त बसलो होतो, आणि माझ्यामागे आणखी कोणी तसाच बसला होता. शर्यतीचा सराव नसता तर हे मला कधी जमले नसते.

तेव्हा माझा सल्ला असा आहे. तपासणी आधी. त्यानंतर तीन-चार महिने एखाद्या जाणत्या गटाबरोबर धावावे, पहिला महिना सर्वांत मागे. मग एखादी एकट्याने घड्याळाशी धावण्याची किंवा घाट चढण्याची स्पर्धा करावी. लांब पल्ल्याची हौस असेल तर दोनशे किलोमीटरांचा ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या मुदतीत पल्ला पुरा करण्याची फेरी, करावा. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते आणि तिथे कोणी पहिला-दुसरा नसतो. घोळक्याची शर्यत येत्या हंगामात नको, पुढच्या हंगामात, बंद रस्त्यावर.

प्रवेश अर्जावर तातडीच्या संपर्काचा एक रकाना असतो. तिथे बहुतेक जण मित्राचा नंबर लिहितात, म्हणजे घरी कळत नाही. आपण पत्नीचा लिहावा, आणि लिहिण्यापूर्वी हे सगळे उत्तर त्यांना वाचायला द्यावे, खांद्याच्या हकिगतीसकट.